थोडी जादा जागा

अप्पांनी फोनवर सांगितलं की ऑपरेशन शुक्रवारी सकाळी आहे. बायपास. हॉस्पिटल सोलापुरातलंच, घरापासून रिक्षाने जाण्यासारखं. आई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि मला भावंडं नाहीत, त्यामुळे त्यांना आत नेण्याआधी कागदांवर सही करायला मीच हवी होते. "शेजारचे आहेत म्हणा सहीला," अप्पा म्हणाले, "पण डॉक्टर म्हणतात, मुलगी असली तर बरं." डॉक्टरांचं सोडा, मला स्वतःला त्यांना आत नेण्याआधी बघायचं होतं. अशा ऑपरेशनातून बहुतेक माणसं नीट बाहेर येतात. 'बहुतेक' हा शब्द मी ऑफिसात दिवसातून कितीतरी वेळा वापरते, आणि माझा त्यावर काडीचा विश्वास नाही.

बुधवारी दुपारच्या गाडीचं तिकीट काढलं. चेन्नईहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या सोलापूरवरून जातात. बुधवारी निघाले की गुरुवारी पहाटे पोचणार, शुक्रवारी सकाळी हजर. त्यानंतर जागा होती ती थेट गुरुवारी रात्रीच्या गाडीत. ती धरली असती तर शुक्रवारी ऑपरेशन संपतासंपता पोचले असते. अगदी मोजूनमापून काढलेलं तिकीट होतं ते. माझी सगळी तिकिटं तशीच असतात.

वेळेच्या फार आधी पोचणारी माणसं मला आवडत नाहीत हे इथेच सांगून टाकते. अप्पा त्यातले. रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभा जन्म गेला, पण स्वतः कुठे जायचं असलं की तासभर आधी प्लॅटफॉर्मवर. त्यांचं मनगटी घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढे. लहानपणी मी ते बघायची आणि मनातल्या मनात पंधरा वजा करायची, म्हणजे घड्याळ पुढे असून कोणालाच उपयोग नव्हता. पुढे मी उशिरा पोचणारी म्हणून नातेवाइकांत प्रसिद्ध झाले. मला त्याचं काही वाटत नाही. साडेसहा म्हटलं की साडेसहाला निघायचं की पोचायचं, एवढाच काय तो वाद.

तर त्याच आठवड्यात ऑफिसात आमच्या मानगुटीवर एक बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, बसला होता.

आमची कंपनी नेटवर्कच्या पेट्या बनवते. कॅमेरे, यंत्रं, कॉम्प्युटर यांच्यामध्ये ही पेटी बसते आणि इकडची माहिती तिकडे पोचवते. माहिती पॅकेटच्या रूपात येते, म्हणजे छोट्या तुकड्यांत. पॅकेट आलं की पेटीतल्या मेमरीत त्याला जागा द्यायची. त्या जागेला बफर म्हणतात. काम झालं की बफर परत करायचा, मग तोच पुढच्या पॅकेटला. आमच्या पेटीत बफर दोन मापांचे आहेत. लहान ढीगभर, मोठे मोजकेच. मोठ्यांची गरज क्वचित लागते, म्हणून.

चेन्नईबाहेर ओरगडमला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे प्रत्येक भागाचा फोटो काढून तो तपासतात, आणि ते फोटो आमच्या पेट्यांतून जातात. गेल्या महिन्यात पेट्यांत आमचं नवं सॉफ्टवेअर घातलं आणि तेव्हापासून शिफ्ट बदलली की फोटो अर्धेमुर्धे पोचायला लागले. लाइन थांबायची. थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत. पेटीला विचारावं तर ती सांगणार, बफर मागितला पण मिळाला नाही. आणि त्याच वेळी मोकळे बफर किती, असं विचारलं तर हजारोंनी मोकळे. गोदाम भरलेलं आणि माल नाही म्हणून दुकानदार हात हलवतोय, असा प्रकार.

आम्ही सगळे गळती शोधत बसलो. कुठेतरी कोणीतरी बफर घेतोय आणि परत करत नाहीये, अशी समजूत. मी स्वतः त्यात पुष्कळ दिवस घालवले. गळती नव्हती. घेतलेला प्रत्येक बफर इमानदारीने परत येत होता.

शेवटी कारखान्याने निर्वाणीचं सांगितलं. गुरुवारी दुपारची शिफ्ट बदलताना लाइन थांबली तर पेट्या काढून ठेवू. मॅनेजर म्हणाला, मंगळवारी तू स्वतः जाऊन सकाळची शिफ्ट बदलताना बघ. मी होकार दिला, कारण बुधवारच्या गाडीला अजून अवकाश होता.

मंगळवारी कॅबवाला मैलापूरला माझ्या घराखाली आला तेव्हा देवळासमोरच्या फुलवाल्या बायका अजून पाट्या उतरवत होत्या. त्याने आधीच दोनदा फोन करून हॉर्न ऐकवला होता. आम्ही ओरगडमच्या फाटकाशी पोचलो तेव्हा साडेपाच. फाटकावरच्या रखवालदाराने माझ्याकडे दयेने पाहिलं. शिफ्ट सातला बदलते.

कॉफी मिळेना, आत सोडेनात. समोर ट्रकांची रांग. मी गाडीत बसून कोणी माझी झोप खाल्ली याचा हिशेब मांडला. कारखान्यातला इंजिनियर, नाशिककडचा, त्याला फोन लावला तर बिचारा जागा होता.

"मॅडम, मी साडेसहा सांगितलं होतं. सातला शिफ्ट आहे, थोडं आधी आलेलं बरं, म्हणून."

मॅनेजरने ते साडेसहाचं सहा केलं होतं, कारण पोरी तयार व्हायला वेळ लावतात, किंवा मी वेळ लावते. कॅबच्या डेस्कने सहाचं पावणेसहा केलं होतं, कारण ड्रायव्हर उशीर करतात. आणि ड्रायव्हरने, वाटेत रस्ता खोदलाय म्हणून, आणखी थोडं. रस्ता खोदलेला नव्हता. प्रत्येकाने माझ्या झोपेतला एकेक तुकडा घेतला होता, आणि प्रत्येकाने तो माझ्याच भल्यासाठी घेतला होता. कोणाला जाब विचारावा तर कोणाचंच चुकलेलं नाही. मला भयंकर राग आला. मग राग तसाच राहिला आणि मी लॅपटॉप उघडला.

पॅकेट आत आलं की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं, म्हणजे एकाने लिहिलेल्या भागातून दुसऱ्याने लिहिलेल्या भागात. बफर किती मोठा हवा ते यातला प्रत्येक भाग ठरवतो. पॅकेटच्या पुढे थोडी मोकळी जागा ठेवावी लागते, कारण पुढे त्याला पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात. ही जागा अगदी पहिल्यांदा ज्यांनी ठेवली ते आमच्या टीममधले सर्वांत जुने. बाकीच्यांनी नंतर आपापल्या भागात 'असू दे थोडी' म्हणून भर घातली. बत्तीस बाइट इकडे, चौसष्ट तिकडे. दुसऱ्यांनी आधीच घातलीय हे कोणी पाहिलं नाही. मी गाडीत बसून सगळ्यांची बेरीज केली. गेल्या महिन्यापर्यंत ती लहान बफरच्या मापात कशीबशी बसत होती. गेल्या महिन्यात आणखी एकाने बत्तीस घातले, आणि बेरीज मापाच्या बाहेर गेली. अगदी थोडी, पण गेली.

म्हणजे आता फोटोचं प्रत्येक पॅकेट मोठा बफर मागत होतं. मोठे मोजकेच. एरवी ते पुरायचे. शिफ्ट बदलली की सगळे कॅमेरे एकदम चालू होऊन एकदम फोटो पाठवायचे, आणि मोठे संपायचे. लहान हजारोंनी पडून. पेटी मोकळे बफर सांगताना दोन्ही मापांची एकत्र बेरीज सांगायची, म्हणून आम्हाला दिसलं नाही. सातला शिफ्ट बदलली, लाइन थांबली, आणि मी आत उभी राहून मोठ्या बफरचा आकडा वेगळा काढून पाहिला. शून्य. मला इतका आनंद झाला की नाशिकवाल्याला वाटलं, मला कारखान्याचं नुकसान बघून बरं वाटतंय.

दुपारी ऑफिसात सगळ्यांना एका खोलीत बसवलं. एका सहकाऱ्याला विचारलं, हे बत्तीस कशासाठी?

"सुम्मा," तो म्हणाला. सुम्मा म्हणजे असंच, सहज. चेन्नईत अर्ध्या प्रश्नांचं हे उत्तर असतं.

दुसरा म्हणाला, सेफ्टीसाठी. तिसरी म्हणाली, माझ्या आधीच्या माणसाने ठेवले होते, मी दुप्पट केले, कारण त्याच्या वेळी एकदा कमी पडले होते. आणि आपले काढायला कोणीच तयार नाही. दुसऱ्याचे काढा, माझे राहू द्या. गेल्या महिन्यात शेवटचे बत्तीस घालणारा तर हात जोडून म्हणाला की माझे काढले आणि उद्या काही फुटलं तर माझं नाव येईल.

कोपऱ्यात ते जुने सर बसले होते. मैलापूरलाच राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांचे पूर्वज कधीतरी तंजावरला आले आणि तिथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण ते मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणी जुन्या बखरीला तमिळ चाल लावलीय. माझ्याशी मात्र हौसेने तेच बोलतात, आणि पोरीला म्हणावं तसं लाडाने 'मा' जोडतात.

"पुढें कोण काय डोक्यावर चढवील, कळत नाहीं मा," ते म्हणाले. "म्हणून मी पहिल्यांदा समोर जागा ठेवलों. एकदांच. मग अस्के जण ठेवले. आतां एक राहूं दे, बाकी काढ. माझीच राहूं दे म्हणत नाहीं. एक राहूं दे."

अस्के म्हणजे सगळे. अस्क्यांनी माना हलवल्या, आणि मी संध्याकाळी अस्क्यांचे बत्तीस-चौसष्ट काढून टाकले. जागा किती ठेवायची ते एकाच ठिकाणी लिहिलं, आणि ती सरांनी मुळात ठेवली होती तेवढीच ठेवली.

बुधवारी सकाळी पेरुंगुडीच्या ऑफिसात बॅग घेऊनच गेले. प्रयोगशाळेत तसेच कॅमेरे लावून शिफ्ट बदलल्याचं नाटक करून बघायचं, सगळं ठीक दिसलं की सरांच्या हवाली करून सरळ सेंट्रल स्टेशनला. सर म्हणाले, "तूं जा मा. उद्यां ओरगडमला मी जातों. मला कोठें जायाचं आहे?"

कॅमेरे चालू केले. मोठे बफर भराभरा संपले. शून्य.

मी आधी स्वतःवरच शंका घेतली. बेरीज पुन्हा केली, कागदावर. बेरीज बरोबर होती. मग वाटलं, माझी समजूतच चुकली असेल, गळतीच असेल. गाडीची वेळ जवळ येत होती. सरही चष्मा कपाळावर चढवून माझ्या शेजारी येऊन बसले. शेवटी काय निघालं? ज्याने हात जोडले होते त्याने सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन आपले बत्तीस गुपचूप परत घातले होते. एवढंच नाही. आता बाकीच्यांचे नाहीत म्हणून थोडे वाढवून घातले होते. विचारलं तर म्हणाला, तुम्ही सगळ्यांनी काढलेत ना, मग मला भीती वाटली.

मी ओरडले. चेन्नईत इतक्या मोठ्याने मी पूर्वी कधी ओरडले नव्हते, आणि ओरडले ते सोलापुरी मराठीत, त्यामुळे सरांशिवाय कोणाला काही कळलं नाही. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या सहकाऱ्याचा चेहरा पाहून मात्र राग टिकेना. तो खरंच घाबरला होता. मग मी असं काही लिहिलं की कोणीही पुढे वाढीव जागा घातली तर सॉफ्टवेअर तयारच होणार नाही. ते लिहून, तपासून, पुन्हा नाटक करून सगळं ठीक दिसेपर्यंत माझी गाडी सुटून पार अरक्कोणमच्या पुढे गेली असेल.

"सरी मा," सर हळूच म्हणाले. सरी म्हणजे बरं. "बाबाला फोन कर."

मला फोन करायचा नव्हता. एमआरटीएसच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनवर जाऊन बसले. खाली रस्त्यावर रोजची गर्दी. दोन गाड्या सोडल्या. अप्पांना आता काय सांगायचं? की तुम्हाला आत नेतील तेव्हा सही शेजारचे काका करतील, आणि मी येईन तेव्हा तुम्ही काचेच्या पलीकडे असाल, शुद्धीवर असाल की नसाल कोण जाणे. आणि हे सगळं कशापायी, तर कोणीतरी सुम्मा बत्तीस घातले होते म्हणून. मला रडू यायला लागलं. मी रडते तेव्हा नाक लाल होतं आणि ते लपत नाही, म्हणून खांबाकडे तोंड करून फोन लावला.

सांगितलं. गाडी चुकली. आता उद्या रात्रीची. शुक्रवारी दुपारी पोचेन, तोपर्यंत...

पलीकडे टीव्हीवर बातम्या चालू होत्या, त्या बंद झाल्या.

"अगं, शनिवारी आहे ते," अप्पा म्हणाले.

"काय शनिवारी?"

"ऑपरेशन. पहिल्यापासून शनिवारच ठरलाय. तुला शुक्रवार सांगून ठेवला होता."

मला आधी कळलंच नाही. मग इतकं हलकं वाटलं की मी बाकावर बसले. आणि मग चेहरा तापला.

"म्हणजे मी येणार नाही हे धरूनच चालला होतात तुम्ही?"

"छे, छे. येणार हे धरूनच," अप्पा म्हणाले. "उशिरा."

ते वाईट बोलले नव्हते. पाऊस येणार म्हणून छत्री घ्यावी तितक्या सहज बोलले होते. मला मात्र ते लागलं. मी उशिरा येते याचं मला काही वाटत नाही, असं मी वर लिहिलंय. ते खरं नाही, हे मला पेरुंगुडीच्या त्या बाकावर समजलं.

गुरुवारी दुपारी ओरगडमला शिफ्ट बदलली आणि लाइन चालूच राहिली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बग सुटला की काहीच घडत नाही, हीच त्याची खूण. नाशिकवाल्याने कॅन्टीनमध्ये कॉफी पाजली. सर माझी बॅग सांभाळत कॅबमध्ये बसून होते. मी नको म्हणत असताना गाडीच्या वेळेच्या तीन तास आधी त्यांनी मला सेंट्रलला सोडलं, आणि मी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

शुक्रवारी दुपारी पोचले, आणि उरलेला दिवस अप्पांचा आणि माझा असा दोघांचा गेला. त्यांना दाखल करून घेतलं. नर्स म्हणाली, नखं काढून ठेवा आणि बोटातली अंगठी. अंगठी निघेना, साबण लावून काढली. मग मी त्यांची नखं काढली, हातांची आणि पायांची. अप्पांची पावलं मी कधी इतक्या जवळून पाहिली नव्हती. त्यांना गुदगुल्या होतात हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. मी बग काय होता ते सांगितलं, ते सिग्नलवाले असल्याने त्यांना लगेच समजलं. म्हणाले, "सगळ्यांची काढलीस?" मी म्हटलं, एकाची ठेवली. ते खूश झाले, जणू ती त्यांचीच होती. रात्रीपर्यंत असंच, फार काही नाही. हा दिवस हिशेबात नव्हताच. अप्पांनी शनिवार सांगितला असता तर माझ्या मापाने मी शनिवारी पहाटे उतरले असते आणि तो मला मिळालाही नसता.

शनिवारी मी सही केली. स्ट्रेचर आलं तेव्हा अप्पांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "घाल," म्हणाले. "हरवेल नाहीतर." चेहऱ्यावर भीती होती, ती त्यांनी लपवली नाही. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. दार बंद होईपर्यंत ते माझ्याकडे बघत होते.

डॉक्टर एक वाजता बाहेर येऊन सांगणार होते. घड्याळाचा पट्टा मला सैल होता, ते मनगटावर फिरत होतं. इतकी वर्षं ते बघितलं की मी आपोआप पंधरा वजा करायची. त्या दिवशी केली नाहीत. अप्पांच्या घड्याळात एक वाजला तेव्हा उठले आणि दारापाशी जाऊन उभी राहिले. आत शिरणारा वॉर्डबॉय म्हणाला, अजून वेळ आहे, बसा ताई. मी म्हटलं, असू दे.

डॉक्टर आले आणि म्हणाले, सगळं नीट झालंय. तेव्हा मी दारातच होते.